शनिवारचं स्टेज, सोमवारची बस: कानाच्या मापाच्या इन-इअर मॉनिटरचं एक प्रकरण

पुण्यातला नऊ जणांचा वाद्यवृंद. जुनी हिंदी-मराठी गाणी, वर्षाला पन्नासच्या आसपास कार्यक्रम, बहुतेक शनिवार-रविवारी. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी पहाटेच्या दिवसांत मात्र रोज. मुख्य गायिका ३६ वर्षांची, आठवड्याचे पाच दिवस हिंजवडीत नोकरी, आणि बसमध्ये जाता-येता मिळून रोज सुमारे १०० मिनिटं कानात गाणी. तिला इन-इअर मॉनिटरची (स्टेजवर स्वतःचं गाणं ऐकायला कानात घालायच्या इअरफोनची) कानाच्या मापाची एकच जोडी हवी होती, स्टेजवर आणि बसमध्ये दोन्हीकडे चालेल अशी. खर्चाची मर्यादा ६०,००० रुपये. सहा ड्रायव्हरचं (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) एक मॉडेल मनात जवळपास पक्कं झालेलं होतं.

शेवटी घेतली ती चार ड्रायव्हरची जोडी, आणि आता ती रोज वापरात आहे. मधल्या तीन महिन्यांत काय तपासलं, काय बिघडलं आणि का, ते पुढे दिलं आहे.

एक कान मोकळा ठेवायची सवय

स्टेजवर गायिकेच्या पायाशी दोन वेज मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेले स्पीकर), मागे ऑक्टोपॅड आणि ढोलकी, डावीकडे ड्रम. गाणं रंगलं की जो तो आपला मॉनिटर वाढवून मागतो, मग दुसऱ्याला स्वतःचं ऐकू येईनासं होतं, तोही मागतो, आणि स्पीकरमधून शिट्टी येईपर्यंत हे चालतं. ती उभी राहते तिथे मोजलं तेव्हा पातळी १०० डेसिबलच्या (ए वजनाच्या, म्हणजे माणसाच्या कानाला धरून मोजलेल्या) आसपास होती.

तिच्याकडे रबरी टिपचे तयार इन-इअर होते. मधल्या सप्तकात ते ठीक बसत. तार सप्तकात तोंड पूर्ण उघडलं की टिप सुटे आणि बेस नाहीसा होई. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा असतो आणि जबड्याचा सांधा त्याच्या अगदी पुढे. जबडा उघडताना सांध्याचं टोक पुढे सरकतं आणि नळी त्या जागी रुंद होते. टिप कितीही चांगली घ्या, ही हालचाल टळत नाही.

याहून घातक होती ती दुसरी सवय. प्रेक्षकांची दाद ऐकू यावी म्हणून ती डावा इन-इअर काढून ठेवत असे. तोच आवाज दोन्ही कानांनी ऐकला की एका कानापेक्षा मोठा भासतो. त्यामुळे एक कान मोकळा झाला की उरलेल्या कानातला आवाज माणूस नकळत वाढवतो. मोकळा कान १०० डेसिबलमध्ये उघडा, आणि बंद कानात वाढवलेलं मिक्स (तिच्यासाठी एकत्र केलेला सगळ्यांचा आवाज).

आता हिशोब. नीट न बसलेली टिप बाहेरचा आवाज १५ डेसिबलने कमी करते असं धरलं, तर १०० मधले ८५ आत येतात. मिक्स त्यावर स्पष्ट ऐकू यायला हवं, म्हणजे ते ९५ च्या घरात जाणार. मापाचा शेल (कानाच्या आकाराचं कवच) नीट सील झाला तर उत्पादक साधारण २५ डेसिबल रोध (बाहेरच्या आवाजाची अडवणूक) सांगतात: आत ७५ येतात आणि मिक्स ८५ ते ८८ मध्ये भागतं. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, ९५ ला जेमतेम ४७ मिनिटं. कार्यक्रम असतो अडीच तासांचा. हा २५ चा आकडा सगळ्या पट्ट्यांत, म्हणजे खर्जापासून तारेपर्यंतच्या कंपनसंख्यांत, सारखा नसतो. खर्जात रोध कमीच मिळतो आणि ढोलकीचा ठोका हाडांतूनही येतो. तरी दिशा कळायला एवढा हिशोब पुरतो. मापाच्या इन-इअरने कान आपोआप वाचत नाहीत. आवाज कमी ठेवायची मुभा मिळते, ती वापरायची की नाही हे घालणाऱ्याच्या हातात.

ही वस्तू मुळात रोधासाठीच जन्माला आली. १९९५ मध्ये जेरी हार्वी या मॉनिटर इंजिनिअरने ॲलेक्स व्हॅन हेलन या ड्रमरसाठी अशी जोडी बनवली आणि त्यातून अल्टिमेट इअर्स उभी राहिली. घरी बसून बारकाईने ऐकणाऱ्यांची गर्दी नंतर झाली, आणि ड्रायव्हर मोजायची हौसही तेव्हाचीच.

आधी कान, मग कॅटलॉग

मापं घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घेतला आणि आठवडाभर थांबून ऑडिओग्राम (ऐकू येण्याच्या तपासणीचा आलेख) केला. तपासणीआधी १४ तास कान शांत ठेवायचे असतात. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली तपासणी फसवी निघते. निकाल असा (आकडा म्हणजे ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज, जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं): बहुतेक पट्ट्यांत १० ते १५ डेसिबल, ४,००० हर्ट्झला उजवा कान १५, डावा २५. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान आधी याच पट्टीच्या आसपास दिसतं, आणि मोकळा राहणारा कान डावा. पण ऑडिओग्राममध्ये ५ डेसिबलची चूक धरावीच लागते, त्यामुळे १० च्या फरकावरून निदान कुणी करू नये. तो कागद जपून ठेवला, कारण वर्षाने तुलना करायला काहीतरी हवं.

काय घ्यायचं

शेल ॲक्रिलिकचा की सिलिकॉनचा? गाणाऱ्यासाठी सिलिकॉन मोहात पाडतं: मऊ असल्याने जबड्यासोबत वाकतं, सील टिकतं. पण आतला ड्रायव्हर बिघडला तर ते उघडून दुरुस्त करणं अवघड, काठाला बदल करणंही कठीण, आणि रोज चार वेळा घालायचं-काढायचं तर कानात सरकायला अडतं. कठीण शेल आणि शरीराच्या उष्णतेने मऊ होणारं टोक असा मधला प्रकारही मिळतो. इथे रोजची बस निर्णायक ठरली. ॲक्रिलिक, पण साचा (कानाचा ठसा) तोंड उघडं ठेवून घेतलेला आणि नळीचा भाग थोडा लांब. वर्षाला पन्नासऐवजी दीडशे कार्यक्रम असते तर पारडं सिलिकॉनकडे झुकलं असतं.

बाहेरचा आवाज आत सोडणारं छिद्र, म्हणजे अँबियंट पोर्ट, दाद ऐकण्यासाठी सुचवलं गेलं होतं. ते नाकारलं. छिद्र ठेवलं की रोध निम्म्यावर येऊ शकतो, आणि ज्यासाठी पैसे मोजायचे तेच वाया जातं. दाद ऐकायला वेगळा उपाय केला, तो पुढे.

ड्रायव्हरच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिच्या मनातल्या सहा ड्रायव्हरच्या मॉडेलचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) आलेखात मधल्या पट्टीत ३० ओहम आणि वरच्या पट्टीत ८ ओहम दिसत होता. फोनला इअरफोन जोडणाऱ्या डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास असतो, तिथे हा चढउतार जेमतेम पाऊण डेसिबलचा फरक पाडतो. पण वायरलेस सेट साऊंडवाल्याचा, आणि त्याच्या बेल्टपॅकचा (कमरेला लावायच्या वायरलेस रिसीव्हरचा) आउटपुट इम्पिडन्स कागदावर कुठेच नव्हता. तो मोजला. मिक्सरमधून २०० हर्ट्झचा सूर सोडला आणि पॅकच्या जॅकवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज घेतलं: काही न जोडता २०० मिलिव्होल्ट, ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून १५३ मिलिव्होल्ट. म्हणजे आउटपुट इम्पिडन्स १० ओहम.

१० ओहमवर तेच मॉडेल मधल्या पट्टीत अडीच डेसिबल गमावतं आणि वरच्या पट्टीत सात. फोनवर झळाळणारी जोडी स्टेजवर साडेचार डेसिबलने मंद, आणि तीही नेमकी व्यंजनं आणि झांजांच्या पट्टीत. मग गायिका म्हणणार 'माझा आवाज वाढव', आणि साऊंडवाला सगळंच वाढवणार. निवडलेल्या चार ड्रायव्हरच्या मॉडेलचा इम्पिडन्स १८ ते २४ ओहमच्या मध्ये राहतो. १० ओहमच्या पॅकवरही पट्ट्यांमधला फरक एका डेसिबलच्या आत. सहाही ड्रायव्हर उत्तमच होते, पण या पॅकवर नव्हेत.

घेतलेल्या जोडीतल्या बॅलन्स्ड आर्मेचर (छोट्या चुंबकीय पात्याच्या) ड्रायव्हरऐवजी डायनॅमिक (साध्या स्पीकरसारख्या) ड्रायव्हरने बसमध्ये बेस अधिक भरदार मिळाला असता. तो फरक फोनच्या इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झखाली ४ डेसिबल वाढवून बऱ्यापैकी भरून निघाला. स्टेजची अडचण अशी फोनमध्ये सुटत नाही, म्हणून मॉडेल स्टेज पाहून निवडायचं आणि बसची आवड इक्वलायझरवर सोपवायची.

संवेदनशीलतेचा, म्हणजे किती विजेत किती आवाज निघतो त्याचा, आकडाही वाचायला हवा. घेतलेल्या जोडीचा ११२ डेसिबल प्रति मिलिवॅट, २० ओहम. ८५ डेसिबलला हिला फक्त ६ मिलिव्होल्ट पुरतात. एक व्होल्ट देणारा डोंगल पूर्ण उघडला तर कागदावर १२९ डेसिबल होतात. म्हणून डोंगल लावण्याआधी फोनचा आवाज तळाला, हा नियम रोजचा. इतक्या संवेदनशील जोडीवर पॅकचा सूं आवाजही ऐकू येतो. पॅकचा नॉब मधोमध ठेवून मिक्सरकडून सिग्नल भक्कम पाठवला की तो दबतो.

साचा

बहुतेक जोड्या इथे बिघडतात, आणि दोष मात्र कंपनीला मिळतो.

शहरात श्रवणयंत्रांसाठी साचे घेणारे ऑडिओलॉजिस्ट भरपूर आहेत आणि त्यांचा हात बसलेला असतो, पण श्रवणयंत्राच्या मोल्डला. तो साचा आखूड चालतो आणि तोंड मिटूनच घेतला जातो. पहिल्या खेपेला तेच झालं. साचा नळीच्या पहिल्या वळणाच्या जरा पुढे जाऊन संपला होता. तो परदेशातल्या उत्पादकाकडे पाठवण्याआधी दिव्याखाली धरून पाहिला म्हणून कळलं, नाहीतर तीन आठवडे आणि कुरिअरचा खर्च गेला असता.

दुसऱ्या खेपेला जोडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या सूचनांचा कागद छापून सोबत नेला. क्रम असा होता. ओटोस्कोपने (कानात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने) कान पाहणं. धागा बांधलेला फोमचा ब्लॉक नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवणं. हे टोचतं, खोकला येऊ शकतो, पण ब्लॉक अलीकडे राहिला तर साचा आखूडच होणार. दातांमध्ये अडीच सेंटिमीटर उंचीचा बाइट ब्लॉक. दोन घटकांचं सिलिकॉन सारख्या प्रमाणात मिसळून सिरिंजने आतून बाहेर भरत येणं. सिरिंजचं टोक मालात बुडलेलं ठेवायचं, मध्येच बाहेर काढलं की हवेचा बुडबुडा अडकतो. नळी, मग वाटी (नळीच्या तोंडाबाहेरचा खळगा), मग वरची पाळी पूर्ण भरायची आणि वरून बोटाने दाबायचं नाही. साधारण पाच मिनिटं बोलणं, गिळणं, हसणं बंद. काढताना आधी जबडा हलवून सील मोडायचं, मग साचा पुढे फिरवत काढायचा आणि कानात काही राहिलं नाही ना ते पुन्हा ओटोस्कोपने पाहायचं.

भुकटी आणि द्रव मिसळून बनवायचा जुना माल कुणी काढला तर नको म्हणावं. तो आकसतो आणि कुरिअरच्या गाडीतल्या उन्हात वाकतो. सिलिकॉन आकार धरून ठेवतं. साचे कडक डब्यात, सुटे, काहीही दाबणार नाही असे ठेवायचे. साचा चांगला की नाही हे तीन खुणांवरून कळतं: दोन्ही वळणं स्पष्ट दिसतात, पृष्ठभागावर सुरकुती किंवा खळगा नसतो, आणि टोकाला फोमच्या ब्लॉकचा सपाट ठसा असतो.

जोडी आली, डावा कान गळला

मापाची जोडी सरळ ढकलायची नसते. लाल उजवा, निळा डावा. नळीचं टोक आधी, शेल थोडा पुढे कलवून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी मागे-वर ओढत फिरवून बसवायचा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत न्यायचं. भरल्यासारखं वाटणं आठवड्यात जातं. एकाच ठिकाणी दुखणं दोन आठवड्यांनीही राहिलं तर ते सवयीने जात नाही, शेल बदलावा लागतो.

सील तपासायला ५० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावला आणि तिला हळूहळू तोंड उघडायला सांगितलं. उजव्या कानात सूर स्थिर. डाव्या कानात जबडा दोन बोटं उघडताच सूर पातळ झाला आणि तार सप्तकाचा 'आ' लावताच गेला. तिचा डावा सांधा जास्त सरकतो. बाइट ब्लॉकही साचा घेताना बहुधा तिरका बसला होता.

बहुतेक उत्पादक पहिल्या महिन्याभरात शेल मोफत दुरुस्त करतात, पण त्यासाठी नवा साचा लागतो. डाव्याचाच साचा पुन्हा घेतला, यावेळी बाइट ब्लॉक मधोमध, आणि जोडी परत पाठवली. परदेशी पाठवताना 'दुरुस्तीसाठी, परत येणार' अशी कागदपत्रं, मूळ बिल आणि क्रमांक जोडले नाहीत तर परत येताना सीमाशुल्काचा घोळ होऊ शकतो. कुरिअरवाल्याला हे आधीच सांगावं लागतं. तो आपणहून विचारत नाही. तीन आठवड्यांनी आलेला डावा शेल त्या परीक्षेत उत्तीर्ण झाला.

स्टेजवर

त्यांचा मिक्सर बेहरिंगरचा एक्सआर १८. त्याला सहा ऑक्स आउटपुट (वेगवेगळी मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा), त्यातले चार वेजना. उरलेल्या दोघांची स्टीरिओ जोडी करून वायरलेस ट्रान्समीटरला दिली. मोनो मिक्समध्ये नऊ वाद्यं एकाच जागी कोंबली जातात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला झाकतो. स्टीरिओत ढोलकी जरा डावीकडे, ऑक्टोपॅड उजवीकडे, स्वतःचा आवाज मध्ये ठेवला की कमी पातळीत सगळं वेगळं ऐकू येतं. ऑक्स प्री-फेडर (हॉलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरच्या आधी घेतलेला), नाहीतर हॉलचा फेडर हलला की तिचं मिक्सही हलतं.

पहिल्या तालमीत तक्रार: 'माझाच आवाज माठात गायल्यासारखा येतोय.' कान बंद केला की हाडांतून आलेला स्वतःचा खर्जाचा आवाज आत अडकतो. नळीच्या हाडाच्या भागापर्यंत सील खोल गेलं तर हे कमी होतं, तरी उरतंच. तिच्या मिक्समधल्या आवाजाला १२० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) लावला, २५० ला ३ डेसिबल काढले आणि थोडा रिव्हर्ब दिला. पुढच्या तालमीत ती तक्रार उरली नाही.

दाद ऐकायला स्टेजच्या पुढच्या कडेला दोन कंडेन्सर माईक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि फक्त तिच्या मिक्समध्ये सोडले. गाणं संपलं की साऊंडवाला ते वर करतो, सुरू झालं की खाली. डावा कान मोकळा ठेवायची सवय दुसऱ्या कार्यक्रमात गेली. तिसरा माईक सहकाऱ्यांना बोलायला. नाहीतर निवेदकाने ऐन वेळी गाण्यांचा क्रम बदलला की कान बंद असलेल्या गायिकेला तो कळत नाही.

पॅक कमरेला मागे, अँटेना पदराखाली न दबता मोकळा, केबल ब्लाउजच्या आतून मानेमागे. ट्रान्समीटर आधी एलईडी पडद्यामागे ठेवला जायचा आणि ती पुढे आली की आवाज तुटायचा. स्टेजच्या बाजूला उंचावर, ती दिसेल असा ठेवल्यावर तुटणं थांबलं. प्रत्येक हॉलमध्ये सगळे कॉर्डलेस माईक चालू करून मगच रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची. पॅकमधला लिमिटर (आवाजाचा अचानक धडाका अडवणारी सोय) कायम चालू, कारण कुणीतरी फँटम (मिक्सरकडून माईकला जाणारी वीज) चालू असताना माईकची वायर उपसतोच. ब्लूटूथ इथे उपयोगाचं नाही. शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिराने आलेल्या स्वतःच्या आवाजावर कुणी गाऊ शकत नाही.

आठवड्याचा हिशोब

एकच जोडी दोन कामांना घेतली की मारा एकाच खात्यात जमा होतो, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलला. ८८ डेसिबलचा अडीच तासांचा एक कार्यक्रम त्यातले सुमारे १६ तास खातो. दोन कार्यक्रम, ३२. उरले ८. पाच दिवसांची बस सव्वाआठ तासांची. ८० ला ऐकली तर खातं थोडं ओलांडतं, ७७ ला ऐकली तर सव्वाचार तासच खर्च होतात. सील चांगलं असल्याने बसच्या घरघरीवर ७७ सहज पुरतं. गणेशोत्सवात सात कार्यक्रम झाले तर आकडा ११० वर जातो. त्या आठवड्यात स्टेजवरचं मिक्स ८४ पर्यंत उतरवणं, म्हणजे एका कार्यक्रमाला साधारण सव्वासहा तास, आणि बसमध्ये कान रिकामे, असं ठरलं आहे. रस्ता ओलांडताना तर ही जोडी कानात नकोच, हॉर्न खरोखर ऐकू येत नाही. चालताना पावलांचे ठोके आणि खाताना चावणं डोक्यात घुमतं, तेव्हाही ती डब्यातच बरी.

डब्यात सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदलायची. काढल्यावर कोरड्या कापडाने पुसायचं, सोबत आलेल्या तारेच्या कडीने छिद्रातला मळ छिद्र खाली धरून काढायचा, स्पिरिट छिद्रात कधीच नाही. एक बाजू मंद झाली की ड्रायव्हर गेला असं घाबरण्याआधी डावी-उजवी केबल अदलाबदल करून पाहायची. मंदपणा त्याच शेलसोबत राहिला तर बहुतेकदा मळ, केबलसोबत सरकला तर केबल. केबल जॅकपाशी तुटते, म्हणून एक सुटी केबल आणि जुने रबरी टिपचे इन-इअर पिशवीत असतातच.

पुढचा ऑडिओग्राम दिवाळी पहाटेचे कार्यक्रम संपल्यावर, १४ तास शांततेनंतर. पाहायची आहे ती डाव्या कानाची ४,००० हर्ट्झची पट्टी.